बोगद्यात काय पाहायचं?

मा. संपादक,

सहलींच्या जाहिरातींत नॉर्वे म्हणजे फ्योर्ड (उंच कड्यांमधून आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी) आणि बोटीची फेरी, एवढंच दिसतं. लेक आणि जावयाबरोबर गाडीने फिरल्यावर वाटलं, थोडं लिहावं.

आउरलांडहून लार्डालला जायला 24.5 किलोमीटरचा बोगदा आहे. 2000 साली खुला झालेला हा बोगदा म्हणजे अभियांत्रिकीची कमाल, मान्य. पण सहलीला येऊन बोगद्यात काय पाहायचं? आम्ही डोंगरावरचा जुना रस्ता धरला. सुमारे 47 किलोमीटर, इतका अरुंद की समोरून गाडी आली की जावयाचा श्वास अडकायचा (माझा तर आधीच अडकलेला). वर उन्हाळ्यातही कडेला बर्फ. स्टेगास्टाइनचा सज्जा फ्योर्डवर साडेसहाशे मीटर उंचीवर अधांतरी पुढे येतो आणि टोकाला फक्त काच!

पुढे बोर्गुंडचं बाराव्या शतकातलं लाकडी चर्च. छपरावर ड्रॅगनची मुंडकी. लाकूड काळंकुट्ट, कारण त्यावर पाइनचं डांबर चोपडतात. भिंतीला नाक लावलं तर उग्र वास येतो. लाकडी सांगाडा दगडी पायावर उचलून ठेवलाय, मातीला टेकत नाही. म्हणूनच तो कुजला नाही. आमच्यासमोर एक बस थांबली, लोकांनी बाहेरूनच सेल्फी काढले आणि गेले. लाकडावर कोरलेली रून लिपी (उत्तर युरोपातली जुनी लिपी) बघायची राहिलीच त्यांची.

हा डोंगररस्ता हिवाळ्यात बंद असतो. गाडी भाड्याने घेण्याआधी तेवढी चौकशी करावी.

– एक वाचक, सांगली