वांगे अडवले, सरकीचे काय?

महोदय,
बीटी वांग्याला, म्हणजे कीड मारणारे जिवाणूचे जनुक घातलेल्या वांग्याला, २०१० मध्ये स्थगिती मिळाली, तेव्हा जनुकबदल केलेले अन्न ताटात येणार नाही, असे अनेकांनी गृहीत धरले. पण बीटी कापूस २००२ पासून शेतात आहे. त्याच्याच सरकीचे तेल फरसाणाच्या कढईत जाते, पेंड गोठ्यात. पाकिटावर मात्र चकार शब्द नाही! रिफाइंड तेलात जनुकाचा अंश उरत नाही, असे समर्थक सांगतात. असेल, मग छापायला भीती कसली? आता जनुकीय मोहरीचा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. तिच्यात तणनाशक सोसणारे जनुक आहे, म्हणजे फवारणीला वाट मोकळी आणि निंदणाऱ्या बायांची मजुरी बुडाली. मोहरी बाजारात आणण्याआधी सरकार सरकीच्या तेलडब्यावर ठळक नोंद सक्तीची करणार का?

– एक वाचक, अमरावती