काकू, त्या ब्लाउजबद्दल आभार

काकू, सा. न.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुमची गिऱ्हाइकं हे वाचतील, माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातलेही वाचतील. पण आभार चारचौघांतच मानायचे होते. माझ्यासारख्या बायका बऱ्याच असणार, आणि एकीचं दुसरीला माहीत नसणार.

माळ्यावरच्या बॅगेत दोन साड्या आणि एक ब्लाउज सापडला. माझा नव्हता. "दुसरी बाई" यापलीकडे डोकं चाललंच नाही. कुठल्या मापाची बाई आहे ते तरी कळावं, म्हणून ब्लाउज घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही तो उलटा केलात, टक्स उसवलेले बघितलेत, मुंढ्यात बोटं घातलीत आणि म्हणालात, "हा पुरुषाचा खांदा आहे गो. कुठल्या बाईचा नाही."

हे तुमच्याइतकं कोण ओळखणार? तुमचे यजमान दशावतारात स्त्रीपार्टी करायचे. रात्रभर जत्रेत द्रौपदी, सकाळी घरी येऊन चुलीपुढे चहा. त्यांचे ब्लाउज तुम्हीच शिवायचात. पण तुम्ही लगेच बजावलंत, "ह्यांचं ते काम होतं. तुझ्या नवऱ्याची ती आवड असेल. दोन्ही एक समजू नकोस. त्यालाच विचार." बालगंधर्वांच्या साड्यांची नक्कल बायका करायच्या म्हणून कौतुक करणारे आपण, घरातल्या माणसाने साडी नेसली की गडबडतो, हे मात्र मला नंतर सुचलं.

विचारलं. लहानपणापासून आवडतं, म्हणाला. मी पुरुषच आहे, मला तूच हवी आहेस, पण घरी कुणी नसताना साडी नेसली की बरं वाटतं. खरं सांगते, साडीपेक्षा लपवालपवी जास्त लागली. ज्या मैत्रिणीला सांगितलं ती म्हणाली, "दारू पीत नाही, मारत नाही, मग बिघडलं काय?" हे वाक्य मला आजही आवडत नाही. नवऱ्यांना पास व्हायला एवढेच मार्क लागतात?

तुम्ही "चालवून घे" असं एकदाही म्हणाला नाहीत. रागाव, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपचारबिपचार काढू नकोस, म्हणालात. आम्ही दोघं गेलो. डॉक्टरांनी सांगितलं, जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी २०२२ पासून लागू आहे, तिच्यातून हे निदानच काढून टाकलंय. उपचार कशावर करायचे? काहींना पुढे आपण बाईच आहोत असं वाटतं, काहींना कधीच नाही. ते त्याचं त्याने सांगायचं, तुम्ही परस्पर ठरवू नका.

माझ्या अटी आहेत. मुलांना इतक्यात काही सांगायचं नाही, खर्च विचारून, आणि माझ्या पैठणीला हात लावायचा नाही. निऱ्या तो माझ्यापेक्षा सरळ घालतो, याचा अजून थोडा राग येतो.

त्याच्या उंचीला साडी घोट्याच्या वर जायची. तुम्ही काही न विचारता खाली जुळत्या रंगाची पट्टी जोडून दिलीत, आणि नवा ब्लाउज त्याच्या शर्टाच्या मापावरून शिवलात. खांद्यात बसला. काखेत जरा काचतो.

शिलाई तुम्ही घेतली नव्हती. शनिवारी आणून देते, नाही म्हणू नका. काख सैल करायला ब्लाउजही आणते.

तुमची,
गल्लीतली सूनबाई