टक्सिडो घेताना आधी पँटचे आसन मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळ सरला की लेंट (ईस्टरआधीचा उपवासाचा काळ) सुरू होईपर्यंत गोव्यात लग्नांच्या पार्ट्यांची रीघ लागते. नवरदेव आणि बेस्टमन टक्सिडो, म्हणजे पार्टीचा खास सूट, घालतात. हल्ली हिंदू लग्नांच्या रिसेप्शनलाही तो दिसतो. पैसा भरपूर खर्च होतो, पण फोटो पाहावेत तर तोच एक दोष पुन्हा पुन्हा: कोटाचे बटण लावलेले आणि त्याच्याखाली पांढऱ्या शर्टाचा त्रिकोण बाहेर आलेला. गिऱ्हाईक म्हणते, कोट आखूड झाला. दोष बहुधा पँटचा असतो.

टक्सिडोच्या कोटाला एकच बटण असते आणि ते बेंबीच्या जरासे वर, कमर सर्वांत बारीक असते तिथे येते. पँटचा पट्टा (कमरेची शिवलेली पट्टी, बेल्ट नव्हे) जवळजवळ तिथपर्यंत पोहोचायला हवा. रेडीमेड पँट मात्र जीन्सच्या बेताने कापलेली, कमरेच्या हाडावर टेकणारी असते. तिचे पुढचे आसन, म्हणजे पायांच्या जोडापासून पट्ट्यापर्यंतची उंची, 9 इंचांच्या आसपास भरते. मध्यम उंचीच्या माणसाला या पोशाखासाठी 11 ते 12 इंच लागते. मधले दोन-तीन इंच उघडे पडतात. कमरबंद (कमरेभोवतीचा चुण्यांचा रुंद कापडी पट्टा) बांधूनही ते झाकले जात नाहीत, कारण कमरबंद पँटच्या वरच्या कडेवर, निम्मा वर आणि निम्मा खाली बसायचा असतो. पँट खाली असली की तोही घसरून पोटाखाली जातो.

हे नंतर दुरुस्त होत नाही. शिवणीत दाब (जादा कापड) सोडला असेल तर कमर इंच-दीड इंच वाढवता येते, मोरी (पायाचा खालचा घेर) आवळता येते, उंची कमी करता येते. आसन वाढवायला कापडच नसते. म्हणून भाड्याने घेताना टेप आधी तिथे लावावी: पायांच्या जोडापासून पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंत. शिवून घेताना मास्टरला नेहमीची जुनी पँट नमुन्याला देऊ नये.

या पँटला बेल्टचे लूप नसतात. कमरबंदाखाली बकल फुगते आणि कोट तिथे बाहेर ढकलला जातो. पँट धरायला गॅलिस (खांद्यावरून जाणारे पट्टे) लावावेत. त्यासाठी पट्ट्याला आतून सहा बटणे हवीत, चार पुढे आणि दोन मागे. चिमट्याचे गॅलिस नाचताना सुटतात आणि कापड कुरतडतात. बाहेरच्या शिवणीवर सॅटिनची एक पट्टी असते, मोरी दुमडलेली नसते आणि ती बुटावर जेमतेम टेकते.

कोटात पाहायचा तो खांदा. भिंतीला बाजूने टेकून उभे राहावे. दंडाच्या आधी कोटाचे पॅड भिंतीला लागले तर खांदा मोठा आहे. बाहीच्या वरच्या टोकाला खळगा पडलेला दिसेल. खांदा उसवणे म्हणजे बाही, अस्तर, पॅड सगळे काढणे. भाड्याच्या कोटात ते कोणी करत नाही, त्यामुळे दुसरा कोट मागावा. दुसरी खूण मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाची. मुंढा खोल कापला असेल तर टोस्टसाठी हात वर केला की सगळा कोट वर येतो आणि कॉलर मानेपासून सुटते. बटण लावल्यावर फुलीसारख्या चुण्या पडल्या तर कमर घट्ट आहे. ती मात्र सहज सोडता येते. बाही मनगटाच्या हाडापर्यंत आणि तिच्यापुढे शर्टाचा कफ अर्धा इंच दिसावा.

लॅपल (कोटाची छातीवर वळवलेली कड) टोकदार किंवा शालीच्या घडणीची, सॅटिन किंवा ग्रोग्रेनची (उठावदार रेघांच्या कापडाची) असते. नेहमीच्या सुटासारखी खाच असलेली लॅपल या कोटाला आम्हाला पटत नाही. सॅटिन चिकटवले म्हणून तो टक्सिडो होत नाही. खिशांना झाकण नसावे. आणि इस्त्रीवाल्याला बजावून सांगावे की लॅपल दाबून घडी पाडू नको. ती बटणापर्यंत गोलाईने वळायला हवी. सॅटिनवर थेट इस्त्री फिरली की पडलेला चकाकता डाग जात नाही.

शर्ट पांढरा, डबल कफचा, पुढे बारीक प्लीट किंवा मार्सेलाचा (उठावदार विणीच्या सुती कापडाचा) जाड भाग असलेला. हा जाड भाग पट्ट्याच्या वरच संपायला हवा. खाली गेला तर बसल्यावर छातीवर फुगतो. कमरबंदाच्या चुण्यांची तोंडे वर असतात. कमरबंद आणि वेस्टकोट यांतले एकच काहीतरी घालावे. लांब टाय नको. बो काळा, लॅपलच्याच कापडाचा. हाताने बांधायच्या बोच्या मागच्या पट्टीवर आकडे असतात. कॉलर साडेपंधरा असेल तर हूक साडेपंधरावर लावावा. ढिला ठेवला तर तो रात्रभर कलत राहतो. गळ्यात टाकताना एक टोक दुसऱ्यापेक्षा दीड इंच लांब ठेवावे. बांधलेल्या बोची रुंदी डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांइतकी किंवा जराशी जास्त, पण चेहऱ्याच्या आत असावी. बूट काळे, साधे ऑक्सफर्ड, पेटंट लेदरचे किंवा आरशासारखे पॉलिश केलेले. मोजे काळे आणि पोटरीपर्यंत. बसल्यावर नडगी दिसू नये.

आपल्या हवेत टेरीरेयॉनचा (पॉलिएस्टर-रेयॉनच्या मिश्रणाचा) काळा कोट अंगाला चिकटतो. मीटरला 240 ते 260 ग्रॅम भरणारी ट्रॉपिकल वूल (हलके लोकरीचे कापड) परवडत असेल तर तीच घ्यावी. उघड्या लॉनवर पार्टी असेल तर हस्तिदंती रंगाचा कोट या हवेसाठी अगदी योग्य आहे. मात्र त्याची लॅपल त्याच कापडाची असते, काळ्या सॅटिनची नाही. पँट काळीच राहते.

लग्नाच्या किमान दहा दिवस आधी ट्रायल घ्यावी, तीही लग्नात घालायचा तोच शर्ट, गॅलिस आणि बूट घालून. अनवाणी घेतलेली पँटची उंची चुकते. भाड्याने देणाऱ्या दुकानदारांना आमची विनंती आहे: कोटाच्या चिठ्ठीवर नुसता 40 किंवा 42 न लिहिता खांद्याचे माप आणि पँटच्या चिठ्ठीवर पुढचे आसन लिहावे. दोन्ही मापे घ्यायला टेप आणि दोन मिनिटे पुरतात.

आपले,
सूट शिवणारे काही कारागीर,
म्हापसा, गोवा