दारू एकदम तोडण्याआधी

ती. काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

धाकट्याला खोलीत ठेवून त्याची दारू एका फटक्यात बंद करायची, असे तुम्ही फोनवर म्हणालात. तुमची तळमळ मला समजते. पण तसे करण्यापूर्वी, मी ज्या वॉर्डात नर्स म्हणून काम करते तिथे रोज दिसणारी गोष्ट तुमच्या कानावर घालणे मला आवश्यक वाटते.

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीवर मात करण्यासाठी स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो, आणि दारू एकाएकी थांबली की ती उत्तेजना तशीच मोकाट राहते. काही तासांतच हात कापू लागतात, दरदरून घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना वात होतो, म्हणजे भान हरपून भ्रम होतात. असा रुग्ण तासन्‌तास चादरीवरून नसलेल्या मुंग्या वेचत बसतो आणि समोर उभ्या असलेल्या सख्ख्या भावालाही ओळखत नाही. उपचार मिळाले नाहीत तर हे जिवावर बेतते. म्हणूनच डॉक्टर शामक औषध देऊन ते हळूहळू कमी करत नेतात आणि जोडीला ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात.

त्याच्या खिशात झोपेच्या गोळ्यांची पट्टी सापडल्याचे काकूंनी सांगितले, त्याची मला दारूपेक्षाही अधिक काळजी वाटते. दोन्ही एकत्र घेतल्यास झोपेतच श्वास मंदावत जाऊन थांबू शकतो. ती पट्टी फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. या गोळ्याही एकदम बंद करणे धोक्याचे असते. कोणी सांगितले म्हणून त्याच्या नकळत जेवणात दारू सोडवण्याचे औषध मिसळू नका. अशा काही औषधांवर दारू पोटात गेली की रक्तदाब धाडकन खाली येतो.

लोक काय म्हणतील, हा काकूंचा प्रश्न राहिलाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2019 मध्ये जगभरात दारूमुळे सुमारे 26 लाख आणि अमली पदार्थांमुळे सुमारे 6 लाख माणसे दगावली; दारूच्या वापरातून जडणाऱ्या विकारांनी ग्रासलेले लोक तेव्हा सुमारे 40 कोटी होते. इतक्या घरांत असलेला आजार आपल्याच घराने लपवून काय मिळणार? लपवण्यात गेलेली वर्षे यकृताला मात्र भोवतात.

त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्याल तेव्हा तो रोज किती पितो, शेवटचे कधी प्यायला आणि पूर्वी कधी फिट आली होती का, हे खरे खरे सांगा. संकोचाने आकडा निम्मा सांगितला तर औषधाची मात्राही चुकते. तोपर्यंत त्याला कोंडू नका, एकटाही सोडू नका. आणि उपचारांनंतर तो पुन्हा प्यायला, तर ‘सगळे वाया गेले’ असे त्याच्यासमोर म्हणू नका, कारण या आजारात असे वारंवार घडते आणि उपचार पुन्हा सुरू करता येतात.

डॉक्टरांची वेळ ठरली की कळवा. मी त्या वेळी फोनवर राहीन, म्हणजे त्यांना काही विचारायचे असेल तर मलाही विचारता येईल. काकूंना नमस्कार.

तुमची पुतणी