रेडिओतली खरखर येते कुठून?

मा. संपादक,

आकाशवाणीच्या मीडियम वेव्ह (एफएमच्या आधीपासूनच्या जुन्या पट्ट्यातल्या) केंद्रांवर आता नुसती खरखर ऐकू येते, तेव्हा ती बंदच करावीत, असे म्हणणारे अधूनमधून भेटतात. फलटणला माझे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान आहे, म्हणून या खरखरीबद्दल चार शब्द.

पुणे केंद्राचे ७९२ किलोहर्ट्झ हडपसरहून आमच्याकडे दिवसा स्वच्छ येते. गिऱ्हाईक संच घेऊन येते, दुकानात तो छान वाजतो आणि घरी नेला की पुन्हा घर्रर्र. मी सांगतो, रेडिओ सेलवर लावा आणि घराचा मेन स्विच पाडा. आवाज निवळला तर चोर घरातच आहे. मग एकेक वस्तू चालू करत जा. बहुतेक वेळा सापडतो तो मोबाईलचा चार्जर, सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर, नाहीतर स्वयंपाकघरातला स्वस्तातला एलईडी बल्ब.

या वस्तूंच्या पोटातला इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतो आणि त्या आकड्याच्या प्रत्येक पटीवर गोंगाट उमटतो. १३२ किलोहर्ट्झवर चालणारे चार्जर बरेच असतात. १३२ ला सहाने गुणून पाहा, नेमके ७९२! चार्जरमधला कामाचा प्रवाह फेजमधून जातो, न्यूट्रलमधून परततो, त्यामुळे दोन्ही तारांचा परिणाम एकमेकांना पुसून टाकतो. गोंगाट मात्र दोन्ही तारांतून एकाच दिशेने धावतो आणि सगळी वायरच एरियल होऊन बसते.

तो अडवायला फेराइटची, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडपासून भाजून केलेल्या काळ्या चुंबकी पदार्थाची रिंग लागते. वायर न कापता, न सोलता, अख्खीच्या अख्खी तिच्यात गुंडाळायची. थ्री-पिन असेल तर अर्थिंगसकट. फेज-न्यूट्रल वेगळे काढून एकच तार गुंडाळण्याचा शहाणपणा कोणी करू नये. दोन्ही एकत्र असल्या की कामाच्या प्रवाहाला रिंग आड येत नाही, एकाच दिशेने धावणाऱ्या गोंगाटाला तेवढी येते. यालाच कॉमन मोड चोक म्हणतात. हा चोक गोंगाट करणाऱ्या वस्तूच्या जितका जवळ, तितका बरा.

लोक चुकतात ते वेढ्यांत. चिमट्यासारखे फेराइट वायरीवर एकदा अडकवून मीडियम वेव्हवर काडीचा फरक पडत नाही. वेढे तिप्पट केले तर अडवणूक साधारण नऊपट होते, म्हणून रिंग मोठी घ्यावी आणि मावतील तितके, निदान आठ-दहा वेढे द्यावेत. मीडियम वेव्हला मँगनीज-झिंक जातीचे फेराइट चांगले. कॉम्प्युटरच्या जुन्या पॉवर सप्लायमधली पिवळी-पांढरी रिंग फुकट मिळते खरी, पण ती लोखंडी भुकटीची असते. ती या कामाची नाही, कितीही वेढे द्या.

बल्बला अर्थातच रिंग घालता येत नाही, तो बदलावाच लागतो. सौर पंपाच्या कंट्रोलरचा गोंगाट तर बांधावरच्या रेडिओपर्यंत जातो. तिथे पॅनेलच्या दोन्ही तारा मिळून एक चोक आणि मोटारीकडे जाणाऱ्या तारा मिळून दुसरा, असे लागते. पण पॅनेलच्या तारांत डीसीचा मोठा दाब असतो, तेव्हा शेतकऱ्याने स्वतः हात घालू नये, कंपनीचा माणूस बोलवावा.

हा चोक आणि त्याच्या जोडीचे कपॅसिटर मुळात वस्तूच्या आतच असायला हवेत. खोलून पाहतो तेव्हा सर्किट बोर्डावर त्यांची जागा छापलेली असते आणि तिथे नुसती तार जोडलेली दिसते. वाचवलेले पैसे किरकोळ असतात. बल्बवर जी सक्तीची बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणी आहे, ती आयएस १६१०२ या भारतीय मानकाच्या पहिल्या भागाप्रमाणे, म्हणजे विजेचा धक्का आणि आग यांपासूनच्या सुरक्षिततेपुरती आहे. दिव्यांमुळे रेडिओला होणाऱ्या त्रासाची मर्यादा सिस्पर १५ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरवून दिलेली आहे आणि युरोपात तशी मर्यादा कायद्याने पाळावी लागते. आपल्याकडेही बल्ब आणि चार्जर यांच्या नोंदणीला अशा मर्यादेची चाचणी सक्तीची जोडावी. मीडियम वेव्ह ठेवायची की नाही, हे त्यानंतर ठरवावे.

आपला,
एक रेडिओ मेकॅनिक, फलटण (जि. सातारा)