‘फायटरसोबत सुरक्षित’ म्हणून विकलेल्या संचाबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

गेल्या महिन्यात आपल्याकडून मी फायटर माशाचा तयार संच घेतला. त्यात 20 लिटरची टाकी, फिल्टर, हीटर, एक नर फायटर म्हणजे बेटा, दोन नर गप्पी आणि तीन टायगर बार्ब होते. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘सर्व मासे एकमेकांसोबत सुरक्षित’. माझी सगळी तक्रार या एका ओळीबद्दल आहे.

मी बरीच वर्षं मोली मासे पाळते. फायटर मात्र पहिल्यांदाच आणला, म्हणून आपल्या शब्दावर विसंबले. पाण्याकडे मी दुर्लक्ष केलेलं नाही. जुन्या टाकीतला मुरलेला, म्हणजे पाणी साफ ठेवणारे जिवाणू वसलेला स्पंज नव्या फिल्टरमध्ये घातला, तापमान 26 अंशांवर ठेवलं, आणि पुढे दर दोन दिवसांनी पाणी तपासलं. माशांना विषारी ठरणारे अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यच होते. तेव्हा पाण्यावर बोट ठेवू नये, ही विनंती.

पहिल्याच संध्याकाळी फायटरने कल्ल्यांची झाकणं फुलवली आणि गप्पींवर चाल केली. रंगीत, पसरट शेपटीचा नर गप्पी त्याला दुसरा फायटरच वाटतो, हे मला नंतर वाचून कळलं. मासे विकणाऱ्यांना ते आधीपासून ठाऊक असायला हवं होतं. एका गप्पीची शेपटी फाटली. त्याच रात्री दोघांना मी मोलींच्या टाकीत हलवलं.

खरा त्रास तिसऱ्या दिवशी सुरू झाला. टायगर बार्बना लांब परांचे तुकडे तोडायची सवय असते, आणि संख्या कमी असली की ती जास्तच वाढते. आपण नेमके तीनच बार्ब दिले, तेही लांब परांच्या, संथ माशासोबत! फायटर कल्ल्यांनी श्वास घेतो, पण त्याच्या डोक्यात हवेतून श्वास घेण्यासाठी वेगळं अंग असतं. त्यामुळे हवेचा घोट घ्यायला त्याला सतत वर यावंच लागतं. तो वर निघाला की मागून एक बार्ब येऊन शेपटीला चावा घ्यायचा. हे मी काचेला डोळे लावून तासभर पाहिलं. चौथ्या-पाचव्या वेळी तो अर्ध्यातूनच वळला आणि हीटरच्या मागे जाऊन तिरका पडून राहिला. थोड्या वेळाने धीर करून पुन्हा निघाला, पुन्हा चावा बसला. पंख्यासारखी निळी शेपटी होती, आठवडाभरात तिच्या जागी चिंध्या उरल्या. दाणे त्याच्या तोंडासमोरून खाली जात, तो हलत नसे.

बार्ब आता एका परिचितांच्या मोठ्या टाकीत आहेत. तिथे त्यांच्या जातीचे दहा मासे आधीच होते. ते आपसातच पळापळ करतात, दुसऱ्या कुणाला त्रास देत नाहीत. वाईट त्यांचा स्वभाव नव्हता, त्यांना जिथे टाकलं ती जागा वाईट होती.

फोनवर आपल्या प्रतिनिधी म्हणाल्या, ‘फायटर आहे, मारामारी होणारच.’ इथे मार खाल्ला तो फायटरने. लेखी उत्तरात आपण कळवलंत की प्रत्येक माशाचा स्वभाव वेगळा असतो. ते मला मान्य आहे. एखादा फायटर कोळंबीलाही खपवून घेत नाही, एखादा कुणाच्या वाटेला जात नाही. पण मग ‘सर्व सुरक्षित’ असं छापता कसं? त्याऐवजी ‘पटलं नाही तर वेगळी टाकी तयार ठेवा’ असं छापायला हवं होतं.

20 लिटरमध्ये फायटरसोबत फार तर एखादी नेराइट गोगलगाय ठेवावी. सोबत मासे द्यायचेच असतील तर टाकी किमान 60 लिटरची द्या आणि सोबती शांत, आखूड परांचे निवडा. हार्लेक्विन रासबोरा किंवा एम्बर टेट्राचा सहा-आठांचा थवा चालेल, किंवा तळाशी बारीक वाळूत वावरणारे सहा कोरी मासे. कोरी खाली असतात आणि फायटर बराच वेळ वर, त्यामुळे गाठ कमी पडते. भरपूर झाडं हवीत, आणि फायटर सगळ्यांत शेवटी सोडावा, म्हणजे टाकी आपलीच असं तो धरून बसत नाही. एवढा मजकूर खोक्याच्या एका बाजूला सहज मावेल.

आपण मला ‘बदली मासा’ देऊ केलात. मला तो नको. हाच मासा आता टाकीत एकटा आहे, परवापासून खायला लागला आहे, आणि फाटलेल्या कडांना काचेसारखी पारदर्शक नवी झालर फुटते आहे. मला संचाची पूर्ण रक्कम परत हवी. खोक्यावरची आणि संकेतस्थळावरची ती ओळ काढा, संचातून गप्पी आणि बार्ब वगळा. ज्यांनी हाच संच घेतला आहे त्या सगळ्यांना या आठवड्यात कळवा की बार्ब वेगळे करा. पैशांचं काम चार दिवस मागे राहिलं तरी चालेल, हे आधी करा, कारण त्यांच्या टाक्यांत आत्ता हेच चाललं असणार.

पहिल्या दिवसाचे, आठव्या दिवसाचे आणि आजचे फोटो सोबत जोडले आहेत. लेखी उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक ग्राहक