गण्या, तुझ्या लिंबावरचा खैऱ्या

प्रिय गण्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "खैऱ्या तो खैऱ्या, सगळीकडे सारखाच, तू फक्त औषध सांग." मी एसटीत होतो, आवाज तुटत होता, म्हणून काही बोललो नाही. पण लिंबाच्या पानांवर-फळांवर खरबरीत फोड आणणाऱ्या या रोगाबद्दलचं तुझं ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून आज रात्री बसून सगळं लिहून काढतोय. लांब होईल, चहा घेऊन वाच आणि जमलं तर आण्णांनाही वाचून दाखव.

आधी तुझ्या पानांचं सांगतो. दिवाळीत विहिरीकडच्या ओळीतली जी चारपाच पानं मी पिशवीत घालून आणली होती, त्यातल्या एका फोडाची कड कापून पाण्यात चुरडली आणि ते पाणी जिवाणू वाढवायच्या काचेच्या प्लेटवर पसरलं. तिसऱ्या दिवशी पिवळ्याधमक, गुळगुळीत, मधाच्या थेंबासारख्या चिकट कॉलनी, म्हणजे जिवाणूंच्या वसाहती, उगवल्या. तेच ते, खैऱ्याचा जिवाणू, झँथोमोनास सिट्री. पिवळा रंग त्याचा स्वतःचाच असतो आणि चिकटपणा म्हणजे त्याने भोवती गुंडाळलेली साखरेची लाळ, तिच्यामुळेच तो पानावर धरून राहतो आणि लगेच वाळत नाही. मी ती प्लेट हातात धरून बराच वेळ उभा होतो रे. तुझ्या बागेचं तीन वर्षांचं नुकसान, बाजारात डागी माल म्हणून पडलेला भाव, आण्णांची चिडचिड, ते सगळं त्या एवढ्याशा काचेत.

आता मुद्दा. हा जिवाणू एक नाहीये. नाव एकच आहे पण आत घराणी वेगवेगळी आहेत, आणि कुठल्या घराण्याचा आहे त्यावर तो कुठल्या झाडाला धरतो हे बरंचसं ठरतं. एक 'ए' प्रकार, जगभर पसरलेला, तो लिंबू, मोसंबी, ग्रेपफ्रूट असल्या बऱ्याच झाडांवर येतो, कुणावर जास्त कुणावर कमी. दुसरा 'ए स्टार', त्याला मुख्यतः आपलं कागदी लिंबूच लागतं, तो सौदी, ओमान, इराण या बाजूला सापडला आणि भारतातही आहे. शास्त्रज्ञ त्या झाडाला मेक्सिकन लाइम म्हणतात, पण ते आपलंच कागदी लिंबू, इकडून अरबांबरोबर पश्चिमेला गेलं आणि पुढे स्पॅनिश लोकांबरोबर अमेरिकेत पोचलं. तिसरा 'ए डब्ल्यू', तो फ्लोरिडात पाम बीच काउंटीत २००० च्या सुमारास लिंबावर सापडला आणि तसलेच जिवाणू भारतातल्या नमुन्यांतही मिळालेत. गंमत बघ, हा ए डब्ल्यू ग्रेपफ्रूटच्या पानात घुसला की पान त्याला लगेच ओळखतं आणि तेवढ्या जागच्या पेशी स्वतःच मारून टाकतं, पुढे जाऊच देत नाही. कारण त्याच्याकडे एक जास्तीचं प्रथिन आहे, ते ग्रेपफ्रूटला ओळखू येतं. म्हणजे एका जीनचा फरक आणि एक अख्खं झाड त्याच्या यादीतून बाद.

फोड कसा उठतो हे तर मला अजूनही विलक्षण वाटतं. पाऊस वाऱ्याने पानावर आदळला की पाण्याबरोबर जिवाणू पानाच्या श्वासाच्या छिद्रांतून आत जातो, किंवा नागअळीने पोखरलेल्या वाटेतून (म्हणून नागअळी आली की खैऱ्या दुप्पट होतो, तू स्वतः बघितलंयस). आत गेला की सुईसारख्या नळीतून पेशीत प्रथिनं सोडतो, त्यातलं मुख्य म्हणजे पीटीएचए. त्याच्या मधल्या भागात ३४ अमिनो आम्लांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, साडेसतरा वेळा, आणि प्रत्येक तुकडा झाडाच्या डीएनएतलं एकेक अक्षर वाचतो. अक्षरं जुळली की तो लिंबाचाच एक जीन चालू करतो, एलओबी१ नावाचा, आणि मग पेशी फुगतात, फुटतात, वर खरबरीत फोड येतो आणि त्यातून जिवाणू पुढच्या पावसात उडायला मोकळा. म्हणजे झाडाच्याच हाताने झाडाला फोडायचं. वेगवेगळ्या जिवाणूंत हे तुकडे कमीजास्त असतात, क्रम बदललेला असतो, आणि तेवढ्यावरून कुणाचं कुलूप उघडतं, कुणाचं नाही.

हे सगळं आलं कुठून, तेही ऐक. २०२३ मध्ये एक मोठं काम छापून आलं, त्यात लोकांनी वनस्पती संग्रहालयांत ठेवलेल्या जुन्या वाळक्या लिंबाच्या पानांवरचे खैऱ्याचे फोड शोधले, त्यातला डीएनए काढला आणि आजच्या जिवाणूंशी ताडून बघितला. त्यांचं गणित असं की हा जिवाणू दक्षिण आशियात साधारण ११,५०० वर्षांपूर्वी वेगळा झाला आणि त्याच्या आजच्या शाखा फुटायला तेराव्या शतकाच्या सुरुवातीला लागल्या. तेरावं शतक म्हणजे आपल्याकडे देवगिरीला यादव होते तेव्हा! मग माणसांच्या व्यापाराबरोबर, जहाजांवरून, रोपांबरोबर तो जगभर गेला. त्याच्या आधीही, १९३३ साली दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी लंडनच्या क्यू बागेतली पानं तपासली होती, त्यात १८२७ ते १८३१ दरम्यान भारतात गोळा केलेल्या महाळुंगाच्या पानावर खैऱ्याचे डाग सापडले होते.

आणि एक गोष्ट वाचून तर मी जागेवरच थांबलो. १९३७ साली मॉरिशसमध्ये तोडलेलं एक पान, त्यावरच्या फोडातून २०२१ मध्ये या जिवाणूचा जवळजवळ अख्खा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, मिळाला. त्यावरून त्यांनी काढलं की हिंदी महासागरातल्या त्या बेटांवर खैऱ्या एकोणिसाव्या शतकात पसरला, बहुतेक गुलामगिरी बंद झाल्यावर मजुरांची जी ये-जा सुरू झाली त्यासोबत. गण्या, त्या मजुरांत आपलीही माणसं होती. मुंबई इलाख्यातून, कोकणातून गिरमिट (मजुरीचा करार) करून गेलेली, त्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिकडे मराठी म्हणवतात. कुणीतरी घरचं लिंबाचं रोप फडक्यात बांधून नेलं असेल का? तसा पुरावा कुठेच नाही, हा फक्त माझ्या मनातला विचार. पण माझी आजी माहेरून कढीपत्त्याचं रोप आणायची तेव्हा असंच ओल्या फडक्यात बांधून आणायची.

म्हणून मला राग येतो जेव्हा कुणी परदेशातला उपाय उचलून आपल्याला सांगतं. फ्लोरिडात १९९५ ला मायामीत, मग १९९७ ला मनाटी काउंटीत खैऱ्या निघाला, डीएनएचे ठसे बघितले तर दोन्हीकडचे जिवाणू वेगळे, म्हणजे रोग दोन वेळा बाहेरून आला होता. त्यांनी नियम केला, एक झाड सापडलं की १,९०० फुटांच्या आतलं प्रत्येक लिंबूवर्गीय झाड तोडायचं. लोकांच्या परसातलीही. लाखो झाडं गेली, मग चक्रीवादळांनी जिवाणू इतका लांब उडवला की २००६ ला तो कार्यक्रमच बंद करावा लागला. तिकडे तो पाहुणा होता तरी हाकलता आला नाही, इथे तर हे त्याचं माहेर आहे. आपल्याकडे त्याची घराणी जास्त, त्यामुळे एका बागेत चाललेली गोष्ट शेजारच्या तालुक्यात तशीच चालेल असं छातीठोक कुणी सांगू नये.

आता तुझं. तू जी दोनशे रोपं स्वस्तात मिळाली म्हणून लांबच्या नर्सरीतून आणलीस, त्यावर आधीच ठिपके होते हे तू मला नंतर सांगितलंस. त्यांच्याबरोबर दुसरंच घराणं तुझ्या बागेत आलं असू शकतं. ते जुन्याशेजारी राहतं, आणि जिवाणू एकमेकांना प्लाझमिड देतात, म्हणजे डीएनएचं छोटं कडं. अर्जेंटिनात तांब्याच्या फवाऱ्याला न जुमानणारा खैऱ्या १९९४ मध्ये निघाला, नंतर रियुनियन आणि मार्टिनिक बेटांवरही, आणि ती ताकद अशाच कड्यांवर होती. म्हणून सांगतो, मोरचूद-चुन्याचं १ टक्का बोर्डो मिश्रण (त्यातही तांबंच) चांगलंच आहे पण दर आठवड्याला उगाच मारू नको, नवी पालवी फुटते तेव्हा आणि पावसाच्या तोंडावर मार. आणि दुकानदाराने जी स्ट्रेप्टोमायसिनची पुडी दिली ती तर हातही लावू नको. कोरियात संत्र्याच्या बागांत स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारा खैऱ्या सापडलाय. माणसाचं औषध आहे ते, लिंबावर कशाला उधळायचं.

बाकी तुला माहीतच आहे, पावसाळ्याआधी रोगट फांद्या छाटून बांधावर न टाकता जाळायच्या, ओल्या झाडांत छाटणी करायची नाही, कात्री पुसत जायची. पश्चिमेच्या अंगाला शेवरी लाव, वारा अडला तरी निम्मं काम होतं. खाडे भरताना, म्हणजे मेलेल्या झाडांच्या जागी रोपं लावताना, राहुरीच्या विद्यापीठाची साई सरबती ही लिंबाची जात बघ, ती या रोगाला बरीच सहन करते. अजिबात येतच नाही असं मात्र कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नको, कारण ती कुठल्या घराण्यासमोर उभी आहे त्यावर ते राहणार.

हस्त बहार धरायचा की नाही ते आण्णांनाच ठरवू दे. उन्हाळ्यात भाव असतो हे खरं, पण मागच्या वर्षी झाडं किती थकली होती ते मी बघितलंय.

एक काम कर माझ्यासाठी. जुन्या झाडांची पाच आणि नव्या रोपांची पाच, अशी फोड आलेली पानं तोड, प्रत्येक झाडाची वेगळी, वर्तमानपत्राच्या घडीत घालून आण्णांच्या त्या जाड वह्यांखाली दाबून ठेव. घडीवर पेनाने तारीख, गाव, कुठली ओळ, रोप कुठून आणलं ते लिही. पेनच वापर, स्केचपेन पसरतं. पोस्टाने पाठवू नको, मी मृगाच्या आधी येतोच आहे, तेव्हा स्वतः घेऊन जाईन. जुन्या आणि नव्या झाडांवरचे सारखे निघतात की वेगळे, हे मला बघायचंय, आणि जे काही निघेल ते तुला आधी कळवीन. शिवाय एक घडी तुझ्याच घरी ठेव, कपाटात, वाळवी लागणार नाही अशा जागी.

आईंना नमस्कार सांग, आण्णांना सांग की रागावले असले तरी येणार आहे.

तुझा,
विन्या

ता.क. पानं तोडायची ती नागअळीने वेडीवाकडी झालेली नकोत, साध्या पानावरचे स्वच्छ फोड बघ, भोवती पिवळं कडं असलेले.